राबाचा वास

विमान काशीदच्या वर घिरट्या घालत उतरायच्या पाळीची वाट पाहत होतं, तेव्हा कॉकपिटमध्ये जळका वास आला.

"तुला येतोय?" कॅप्टन सुचिताने विचारलं.

सहवैमानिक हर्षदला येत होता, आणि तो चक्क सुखावला होता. पालीजवळच्या कुणब्याच्या घरात वाढलेल्या नाकाला हा वास कुणी शिकवावा लागत नाही. "राब आहे मॅडम. भात पेरायच्या आधी शेतात शेण-पाचोळा भाजतात. या दिवसांत सगळा रायगड जिल्हा धुमसतो. खालची हवा आत येतेय, एवढंच."

"नक्की?"

"आमच्या घरचा वास आहे हा."

सुचिताने खाली पाहिलं. डोंगर धुरकट होते खरे. तिला गंमत वाटली, अर्धंअधिक पटलंही. पण तिचा हात ऑक्सिजनच्या मास्ककडे गेला. "असेलही राब. नियमांचं पुस्तक म्हणतं, वास आला की आधी मास्क, मग जमीन. शोध नंतर. इमर्जन्सी सांग."

हर्षद चरफडला. राबापायी इमर्जन्सी म्हणजे उद्या चारचौघांत हसं. ज्याला कळतं त्यानेही पुस्तकच वाचायचं, तर मग पुढे माणसं बसवायची कशाला? तरी त्याने मास्क चढवला आणि खाली कंट्रोल टॉवरला कळवलं. टॉवरने बाकीची विमानं बाजूला सारून त्यांना थेट उतरू दिलं.

प्रवासी सुखरूप बाहेर पडल्यावर इंजिनिअरने कॉकपिटमागचं झाकण काढलं. यंत्रं थंड ठेवणाऱ्या आतल्या पंख्याचा कोळसा झाला होता, शेजारच्या वायरी वितळल्या होत्या. "अजून एक घिरटी घातली असती तर..." एवढं बोलून तो कामाला लागला.

हर्षदने स्वतः वाकून त्या वितळलेल्या वायरी पाहिल्या.

पण नाक काही केल्या ऐकेना. वायर आणि राब यांतला फरक आपल्याला कळू नये? कदाचित दोन्ही वास असतील. क्रूच्या गाडीत बसल्या बसल्या त्याने आईला फोन लावला.

"आये, आज गावात राब भाजला काय कुनी?"

"राब?" मनुबाई हसली. "शेतीच कोन करत न्हाय आता, तर राब कोन भाजल? सगळी शेतं पडीक हायत." मग तिला राहवलं नाही. "तुला रं कुठनं वास आला?"