गिऱ्हाईक

कौनास शहरात जुन्या गाड्या विकणारा झिद्रूनास गिऱ्हाइकांना गाढवंच समजायचा. "गाडी कोण बघतो रे? मीटरवरचा आकडा बघतात आणि भुलतात लेकाचे," असं तो विदास मेकॅनिकला खो-खो हसत सांगायचा.

आज मात्र त्याची स्वतःचीच गाडी टोचन करून विदासच्या गॅरेजात आली होती. सासू-सासऱ्यांना घेऊन तो समुद्रावर निघाला होता आणि भर हायवेवर टायमिंग बेल्ट तुटला. विदासने इंजिन उघडलं. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून सगळे वाकडे झाले होते. इंजिन भंगारात घालण्याच्या लायकीचं उरलं होतं.

"हरामखोर कंपनी!" झिद्रूनास कडाडला. "म्हणे दीड लाख किलोमीटरला बेल्ट बदला! मीटर बघ, जेमतेम एक लाख दहा हजार झालेत. चोर आहेत सगळे! आणि तू काय दात काढतोयस?"

विदासने एक वाकडा व्हॉल्व्ह त्याच्या तळहातावर ठेवला.

"चार वर्षांपूर्वी ही गाडी विकायला आणलीस, तेव्हा इथेच बसून तू हिचं मीटर एक लाखाने मागे घेतलंस. मग गिऱ्हाईक मिळेना, म्हणून स्वतःच वापरायला लागलास."

झिद्रूनासने मीटरकडे पाहिलं. मग हातातल्या व्हॉल्व्हकडे.

"मिळेना काय म्हणतोय मी," विदास म्हणाला. "मिळालं की."