टायरवरचे केस

दुकानदाराने जुनी सायकल स्टँडवर चढवली, पुढचं चाक फिरवलं आणि टायरवर अंगठा टेकवला. मग चाक थांबवून पुन्हा एकदा टेकवला.

“किती चालली म्हणालात?”

“रोज चाळीस किलोमीटर,” बायको म्हणाली. “अकरा महिने झाले, एक दिवस खाडा नाही. म्हणून तर ही देऊन रेसची घ्यायला आलोय.”

नवरा भिंतीवरच्या हेल्मेटांच्या किमती वाचत होता. त्याला हेल्मेट घ्यायचं नव्हतं.

“चाळीस म्हणजे पस्तीस-चाळीस,” तो पाठमोराच म्हणाला. “वारा कसा असेल त्यावर.”

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावरचे केस चार-दोन फेऱ्यांतच झडून जातात. या टायरवर ते अगदी मधोमध, कोवळ्या मिशीसारखे उभे होते. दुकानदाराने ब्रेकचे रबर पाहिले, चेन बोटावर उचलून पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने तेवढ्यात मान वळवली होती. विनातिकीट माणूस तपासनीसाकडे बघतो तसे त्याचे डोळे झाले.

पंचवीस वर्षांत दुकानदाराने एवढं शिकून घेतलं होतं की सायकलच्या दुकानात माणसं दोनच आकडे खोटे सांगतात, वजन आणि अंतर. त्यावर त्याचा धंदा बरा चालला होता.

“बदल्यात हिचे काय धराल?” बायकोने विचारलं.

“ताई, गाडी फार जपून वापरलेली दिसते. चांगले धरू.”

“छे छे, चांगले कसले!” नवरा तीन ढांगांत काउंटरपाशी आला. “आतून पार खिळखिळी झालीय. कमी धरा तुम्ही.”

बायको बघतच राहिली. बुटांच्या जोडीवर लेसचा जादा जोड फुकट मागणारा हा माणूस.

“अहो, तुम्ही आपल्या बाजूचे की त्यांच्या?”

“माणसाने खरं ते बोलावं,” नवरा म्हणाला आणि कपाळावरचा घाम पुसला.

“बरं, काय ते लवकर ठरवा. पाचला डॉक्टरांकडे पोचायचंय.” तिने हातातली रिपोर्टांची फाईल दुसऱ्या बगलेत घेतली आणि दुकानदाराकडे वळली. “काय सांगू तुम्हाला, एवढी सायकल मारूनही ह्यांची साखर उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायामात तर ह्यांनी काही बाकी ठेवलेलं नाही, म्हणजे दोष गोळ्यांचा. गोळी दोनदा वाढवली. आता म्हणतात आजपासून इन्सुलिन. सकाळ-संध्याकाळ सुई.”

दुकानदाराने रेसची सायकल खुंटीवरून अर्धी काढली होती. दुकानातली सगळ्यात महाग. हात तिथेच थांबला. मग त्याने ती परत अडकवली.

“साहेब, मी प्रत्येकाला विचारतो तेच विचारतो. चालवणार कुठे, आणि किती? ही वाकून चालवायची गाडी. चाळीसवाल्याला ही बरोबर. चारवाल्याला दिली तर आठवड्यात मान आखडेल आणि महिन्यात गाडी माळ्यावर जाईल. खरं सांगितलंत तर बरोबर ती देईन.”

“टायर मध्यंतरी नवे टाकलेत,” नवरा म्हणाला.

टायरबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं.

“कधी?” बायको म्हणाली.

“मध्यंतरी.”

घरातला दिवा बदलला तरी त्याची पावती तिच्या डब्यात असायची. ती स्टँडपाशी गेली. तिचा धंदा शिवणकामाचा. वापरलेला कपडा कुठला आणि न वापरलेला कुठला, हे तिची बोटं न बघता सांगत. तिने टायरवर बोट ठेवलं आणि चाक हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवलं.

“पँट मात्र मागून दोनदा विरली,” ती म्हणाली. “ठिगळ लावताना मला वाटायचं, सीट टोचत असेल.”

नवऱ्याचा हात नकळत पँटच्या मागच्या बाजूला गेला.

“बसायचात तो बाक कुठला?”

“तळ्याकाठचा,” तो म्हणाला. “सिमेंटचा.”

“अकरा महिने?”

“पहिल्याच दिवशी एक टँकर कोपराला घासून गेला गं. हँडल धरलेली बोटं घरी येईपर्यंत सुटेनात. तू दारातच उभी होतीस. विचारलंस, किती झाले? तोंडातून चाळीस गेले.” त्याने स्टँडवरच्या चाकाकडे पाहिलं. “मग गाडी ढकलतच तळ्यापर्यंत न्यायचो, आणि रोज तेवढे द्यावेच लागले.”

दुकानदार मागे जाऊन दुसरी सायकल घेऊन आला. जाड टायर, सरळ हँडल, डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला आरसा. “ताठ बसायचं. मागून काय येतंय ते दिसत राहतं. तळ्याभोवतीच चालवा, चारपासून सुरुवात करा,” तो म्हणाला. त्या सायकलकडे दोघांनीही पाहिलं नाही.

बायकोने पर्समधून दोरा कापायची छोटी कात्री काढली. वाकून टायरवरचे पाच-सहा केस कापले, तळहातावर घेतले. फाईल उघडून रक्ताच्या रिपोर्टाशेजारच्या प्लास्टिकच्या कप्प्यात एकेक करून टाकले. फाईलचं बटण दाबून लावलं.

“हे कशाला?” नवऱ्याने विचारलं.

“चला, पाच वाजत आले,” ती म्हणाली. “आज तिथे तुम्ही तोंडी काही सांगायचं नाही.”