विरजणाची वाटी

सीपरी बाजारातल्या आमच्या घराची एक भिंत दीपेंद्रच्या घराला लागून आहे. तो बायकोला, रजनीला मारतो. सगळं ऐकू येतं.

माझी बायको जानकी होती तेव्हा आवाज सुरू झाला की ती वाटी घेऊन त्यांच्याकडे विरजण, इथल्या बोलीत जामन, मागायला जायची. घरात दही असलं तरी जायची. दारात बाहेरचं माणूस दिसलं की त्याचा हात थांबायचा.

चैत्रात जानकी गेली. मग मी गल्लीतल्या पाच घरी जाऊन सांगितलं. "घर का मामला है, चाचाजी," पाचही जण म्हणाले. त्यातल्या दोघांच्या बायका मान खाली घालून आत गेल्या. मी स्वतः दार वाजवलं, तर दीपेंद्रने उघडलंच नाही. शेवटी मी टीव्हीचा आवाज वाढवायला लागलो. दुसरं काय करणार?

काल दुपारी पुन्हा सुरू झालं. मी रिमोट शोधत होतो, तेवढ्यात पलीकडचा आवाज एकदम बंद पडला.

थोड्या वेळाने घंटी वाजली. दारात दीपेंद्र घामाघूम उभा होता. त्याच्या हातात आमची वाटी होती, जानकीचं नाव कोरलेली. ती मी पेटीत कुलूप लावून ठेवली होती.

"जामन दे दिया, चाचाजी. अब चाचीजी को बुला लीजिए. रसोई में बैठी हैं, उठ ही नहीं रहीं."

मी काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून रजनीचा आवाज आला.

"अभी मत जाइए, चाचीजी."