काळी चौकट
प्लोवदिव शहरातल्या गायिका दोन्काबाई पुन्हा एकदा गाणार म्हणून मी त्यांची वेबसाइट सजवली: कृष्णधवल फोटो, काळी चौकट, खाली फक्त नाव. फारच भारदस्त दिसत होतं. तेच चित्र छापून त्यांच्या इमारतीच्या दारावरही चिकटवलं. दुपारी मी त्यांच्याच घरी बसलो असताना शेजारीण दोन पांढरी फुलं घेऊन वर आली आणि दोन्काबाईंनीच दार उघडल्यावर किंचाळली. "अरे, मेलेल्याची सूचना आपल्याकडे अश्शीच लावतात ना!" ती माझ्यावर खेकसली. "एवढं शिकून हेच दिवे लावलेस?" "आत्ता रंगीत करतो," मी पुटपुटलो. तेवढ्यात माझा फोन वाजला. वेबसाइटवर संपर्कासाठी माझाच नंबर होता. पलीकडे व्हिएन्नात दोन्काबाईंची मुलगी रडत होती. आईशी ती कित्येक वर्षं बोलली नव्हती. "अंत्यविधी कधी आहे?" मी फोनवर हात ठेवून दोन्काबाईंना म्हणालो, "तुमची मुलगी. अंत्यविधी कधी, विचारतेय." "रविवार सांग," त्या कुजबुजल्या. "शनिवारी तिला सुटी नसते."