गाडीवाट

"वाडीतली चारचाकी म्हणाल तर ही एवढी एकच. आता तुम्हीच सांगा मॅडम, ही इथून जाईल?" कारखानीस साहेबांनी हेमलताच्या गाडीकडे बोट दाखवलं.

पौडहून पाहणीला आलेल्या नायब तहसीलदार मॅडमनी आधी गाडी पाहिली, मग वाटेच्या मधोमध ओळीने पुरलेले धोंडे पाहिले. विजेवर चालणारी ती पांढरी गाडी जमिनीला पोट टेकल्यासारखी बसली होती. धोंडे चांगले टीचभर वर आलेले. उत्तर कुणालाही दिसत होतं.

प्रश्न एवढाच होता, की वाडीतून डांबरी सडकेला उतरणारी ही वाट पाऊलवाट की गाडीवाट? पाऊलवाट ठरली तर साहेब दोन्ही अंगांनी कुंपण घालून माणूस जाईल एवढीच फट ठेवणार होते. मग भाताची पोती असोत की दवाखान्यात न्यायचं माणूस, आठ किलोमीटरचा वळसा. त्या वळशावरचा ओढा तर पावसाळ्यात चार-चार दिवस कुणाला पलीकडे जाऊ देत नाही.

साहेबांनी कोळवण खोऱ्यात जमीन घेतली, बंगला बांधला आणि पहिल्याच वर्षी त्या जमिनीतून जाणाऱ्या या वाटेत धोंडे पुरले. ते शनिवारी सकाळी पुण्याहून येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. सुरुवातीचे धोंडे लहान होते. वाडीची ने-आण करणारा बाहेरचा जीपवाला रामदास त्यांच्यावरून आरामात गेला, आणि जाताना साहेबांना हात करण्याचा शहाणपणाही त्याने केला. पुढच्याच शनिवारी लहान धोंडे निघाले आणि मोठे आले. त्यांनी रामदासच्या जीपचा तळ फोडला. त्याने वाडीला कोपरापासून हात जोडले.

वाडीचे बैल कधीच विकले गेले होते. हेमलताची सासू कोंडाबाई, जिने उमेदीत याच वाटेने बैलगाडी हाकली होती, तिने त्या रात्री सुनेला समोर बसवलं. म्हणाली, "चाक फिरतंय तवर ती गाडीवाट. चाक थांबलं की नुसतं गवत. आता तुजं तू बघ."

हेमलताने बघितलं. पुण्यात तांदूळ आणि भाजी पोचवायला घेतलेली जुनी गाडी तिने पौडच्या गॅरेजवाल्या झीशानकडे नेली. त्याने मूळच्या स्प्रिंगा काढल्या, त्या जागी हवेच्या रबरी पिशव्या घातल्या आणि डिकीत पंप बसवला. बटण दाबलं की पंप घुरघुरे, गाडी उठे. दुसरं दाबलं की फुस्स करून बसे. कंपनीच्या माणसाने गॅरंटी गेली म्हणून सांगितलं. वाडीने तर ताळतंत्र गेलं म्हणूनच सांगितलं. गोठ्याचा पत्रा गळतोय आणि ही बाई गाडीला उठाबशा शिकवतेय!

या गाडीशी संसार सोपा नव्हता. थंडीत सकाळी एक कोपरा खचलेला दिसे, म्हणजे कुठेतरी हवा गळतेय. उंच केली की गाडी वळणावर डुले आणि बॅटरीही लवकर उतरे. ती बॅटरी नेमकी तळाला, त्यामुळे गाभण म्हशीसारखं गाडीचं पोट जपावं लागे. हेमलताने सगळं सोसलं. हार मानायचा तिचा स्वभावच नव्हता.

म्हणूनच एका गोष्टीचं वाडीला नवल वाटे. शनिवार उजाडला की ती गाडी पार खाली बसवी आणि गुमान वळशाच्या रस्त्याने जाई. सडकेवर साहेब भेटत. हसून म्हणत, ताई, ही शहरातली गाडी, इथे तिचं काय काम? एरवी कुणाचं अर्धं वाक्य ऐकून न घेणारी हेमलता मान खाली घालून "व्हय साहेब" म्हणे.

आजही गाडी तशीच बसलेली होती.

"या दोन रेघा कसल्या?" मॅडमनी विचारलं. धोंड्यांच्या दोन्ही बाजूंना गवत नसलेले दोन सरळ पट्टे होते.

मोटरसायकली जातात, साहेब म्हणाले. त्यांचा राखणदार बहिरू वाडीतलाच होता. तो खाली बघून तंबाखू मळत राहिला.

मॅडम हेमलताकडे वळल्या. काही म्हणायचंय का, असं त्यांनी विचारलं.

"म्हणायचं न्हाई. दावायचंय."

ती गाडीत बसली. पंप घुरघुरला. आधी पुढचं अंग उठलं, मग मागचं. गाडी वाटेला लागली आणि तिची चाकं त्या दोन पट्ट्यांवर अशी बसली, जशी ओळखीच्या घरात आपली चप्पल ठेवावी. पहिला धोंडा पोटाखालून गेला. दुसरा गेला. शेवटचा गेला. खाली सडकेवर गाडी वळली आणि तशीच परत आली. कोंडाबाई काठीवर हनुवटी टेकवून सगळं पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड हसत होतं.

हा आजच्यापुरता खेळ आहे, साहेब चिडून म्हणाले. मॅडम वाकल्या. त्यांनी पट्ट्यातली घट्ट दबलेली माती बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "अशी चाकोरी एका दिवसात पडत नाही."

त्यांनी कागदावर लिहायला घेतलं. साहेब मात्र अजून गाडीकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा गोंधळ जास्त होता.

"पण मी जेव्हा जेव्हा पाहिली, तेव्हा ही खाली बसलेलीच होती."

हेमलताने या वेळी मान खाली घातली नाही.

"तुमी शनवार-रविवारचं येता, साहेब. सोमवारपास्नं ती उभीच असती."