आधी सांगायचं

चालू सर्व्हरमधली बिघडलेली डिस्क बदलताना तो नव्या सहकाऱ्याला बजावत होता, "नुसती ओढून काढायची नाही हं. आधी मशीनला सांगायचं, की ही डिस्क आता जाणार. ती फिरायची थांबली की मगच हात लावायचा. न सांगता उपटली, तर आत सगळ्याची वाट लागते."

"किती जपता हो सर," सहकारी म्हणाला.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "आई परवा येतेय ना रे दादाकडून? तोवर तिच्या कुंड्यांना मी पाणी घालतो."

"हं," म्हणून त्याने फोन ठेवला.



यापुढे आईने दादाकडे आणि बाबांनी त्याच्याकडे राहायचं, हे दोघा भावांनी केव्हाच ठरवलं होतं. आईबाबांना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.