तोंड उघडून गा

“तोंड उघड,” नेत्राक्का म्हणाल्या. “अजून. अख्खा लाडू मावला पायजे आत.”

अंजूला हसूच फुटलं. दाराजवळ चटईवर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली तिची आई पल्लवी, तीही हसली. नेत्राक्का मात्र हसल्या नाहीत. एक हात अंजूच्या पाठीवर, डोळे कधी तिच्या ओठांवर, कधी समोर टेकवलेल्या मोबाइलातल्या सूर दाखवणाऱ्या काट्यावर. काटा मधोमध ठरला की मान डोलायची. जरा सरकला की पाठीवर टिचकी.

“परत. दुर्गा राग असा गिळून गात न्हाईत. एकेक शब्द दिसला पायजे मला.”

गाण्याची परीक्षा परवावर आली होती. भाकरी थापतानासुद्धा पल्लवीच्या तोंडात दुर्गा रागाचीच बंदिश असायची.

तिनं सासूला, नागूबाईला, शब्द दिला होता. कोहिनूर गावातल्या या क्लासातून पोरीला काढून हुमनाबादच्या नव्या क्लासात घाला, असा नागूबाईचा धोशा चालला होता. तिथं माईक होता, गार हवेचं मशीन होतं.

“गेल्या पावसाळ्यात ताप आला, तवापासून ती बाई स्वतः एक ओळ गात न्हाई,” नागूबाई म्हणायची. “म्हणं घसा बसलाय. बोलायला मात्र गाव गोळा करती. तवा बरा घसा उठतोय?”

“पहिला वर्ग आला न्हाई तर मी स्वतः घालते तिला हुमनाबादला,” पल्लवी बोलून गेली होती.

आणि आता माघार नव्हती. गावातली बाकीची घरंही अंजूच्या निकालाकडं डोळे लावून होती. अंजू गेली की सगळीच पोरं जाणार. मग नेत्राक्कांच्या सोप्यात पेटीवर धूळच बसली असती.

तेवढ्यात बाळानं टाहो फोडला. असा, की अंजूनं गाता गाता कान झाकले. पल्लवी त्याला उचलून अंगणात पळाली. खिडकीतून बघते तर नेत्राक्कांची पापणीसुद्धा हललेली नाही. काय हे ध्यान, पल्लवीला वाटलं. पोरांनाही केवढं वळण. कुणी दारात आलं की पोरं मध्येच बोलायची नाहीत. आधी अक्कांच्या गुडघ्याला हात लावायची, मग पाहुण्याकडं बोट दाखवायची.

निघताना तिनं विचारलं, “अक्का, होईल ना?”

नेत्राक्का क्षणभर तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. “व्हतंय की. कामून घाबरायलीस? गाणार ती हाय, तू न्हाईस.”

परीक्षेच्या दिवशी हुमनाबादच्या शाळेत जत्राच भरली होती. रिबिनी, इस्त्रीचे झगे, गरम पाण्याचे थर्मास, कोपऱ्याकोपऱ्यात सा लावणारी पोरं. नेत्राक्का हिरवं इलकल लुगडं नेसून आल्या होत्या आणि अंजूपेक्षा त्यांचेच गाल जास्त लाल झाले होते. गुरूंना आत जायची परवानगी नव्हती. अंजूचं नाव पुकारलं तशा त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, बरोबर तिच्या समोर.

सोलापूरहून आलेल्या परीक्षकांनी मान हलवली. अंजूनं सा लावला. स्वच्छ, सरळ. नेत्राक्कांच्या शेजारी उभी पल्लवी टाचा उंचावून आत बघू लागली.

बंदिश सुरू झाली आणि रस्त्यावरून वरात आली. डीजे असा, की खिडकीची तावदानं थरथरली. व्हरांड्यातले सगळे गुरुजी फाटकाकडं धावले. “अरं बंद करा रं, परीक्षा चालू हाय,” एक जण हातवारे करत ओरडत होता. तबलजीचा हात अडखळला. पल्लवीनं डोळे गच्च मिटले. संपलं, तिला वाटलं. आता सासूला काय तोंड दाखवू?

डोळे उघडले तर नेत्राक्का तशाच उभ्या. ना कपाळावर आठी, ना फाटकाकडं नजर. अंजूच्या ओठांवर डोळे लावून शांतपणे मान डोलवत होत्या. आणि आत अंजू त्यांच्याकडं बघत, तोंड उघडून, जणू जगात दुसरा आवाजच नाही अशी गात होती. तबलजी सावरला. अंजू समेवर आली ती अशी, की परीक्षकांचा हात आपसूक मांडीवर पडला.

वरात पुढं गेली. बाहेर आलेल्या अंजूला नेत्राक्कांनी छातीशी धरलं, गदागदा हलवलं आणि तिच्यासाठी पाणी आणायला नळाकडं निघाल्या.

मागोमाग परीक्षक बाहेर आले. “या मुलीला कोणी शिकवलं?”

“त्या काय, नेत्राक्कांनी,” पल्लवी म्हणाली. “सर, पहिला वर्ग...”

“निकाल मला सांगता येत नाही, ताई. पण काळजी करू नका. एवढ्या गोंधळात हिचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत पोचला. असं आमच्याकडं मोठ्या वर्गातली मुलंसुद्धा गात नाहीत. या बाईंना मला हे समक्ष सांगायचंय.” त्यांनी हाक मारली, “बाई, जरा थांबता का?”

नेत्राक्का चालत राहिल्या.

“ओ बाई.”

त्या नळाशी वाकल्या. पल्लवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस हाका मारतोय आणि ही बाई वळूनसुद्धा बघत नाही. “नेत्राक्का,” तीही जोरात ओरडली.

अंजूनं हळूच परीक्षकांची बाही ओढली.

“सर, समोर जाऊन बोला. तापानंतर अक्काला काहीच ऐकू येत न्हाई,” ती पुटपुटली. “पण आम्हा पोरांना ठावं हाय, हे तेवढं अक्काला सांगू नका.”